इंच खोक्यावर, रुंदी हातात

सप्टेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या ‘इफा’ प्रदर्शनात सॅमसंगने गॅलक्सी नोट नावाचा फोन मांडला, तेव्हा पहिला प्रश्न त्याच्या कॅमेऱ्याबद्दल किंवा प्रोसेसरबद्दल आला नाही. हा फोन कानाला लावायचा कसा, असं लोक विचारत होते. ५.३ इंची स्क्रीन, जवळपास १४७ मिलिमीटर लांबी आणि ८३ मिलिमीटर रुंदी. आपल्या टपाल खात्याचं पोस्टकार्ड साधारण १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असतं. म्हणजे पोस्टकार्डाएवढी वस्तू गालाला लावून बोलायचं! भारतात त्याच वर्षाच्या अखेरीस तो सुमारे ३५ हजार रुपयांना आला आणि दुकानांत तो हातात घेऊन पाहणारे पुष्कळ, पण ‘हा खिशात मावेल का’ असं विचारून परत ठेवणारेही तितकेच निघाले.

शंका घेणाऱ्यांकडे पुरावाही होता. वर्षभर आधी डेलने ‘स्ट्रीक’ हा पाच इंची फोन बाजारात आणला होता. २२० ग्रॅम वजनाचा तो फोन चालला नाही आणि वर्ष-सव्वा वर्षातच बंद झाला. जुलै २०१० मध्ये एका पत्रकार परिषदेत स्टीव्ह जॉब्ज यांनी अशा फोनभोवती हाताची मूठही वळत नाही, ते कोणी घेणार नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्या आयफोनचा पडदा त्या वेळी साडेतीन इंचांचा होता.

पण नोट खपला. ऑगस्ट २०१२ पर्यंत एक कोटी फोन विकले गेल्याचं सॅमसंगने जाहीर केलं. सप्टेंबर २०१४ मध्ये तर ॲपलनेही ५.५ इंची आयफोन ६ प्लस आणला. आज दुकानात सहा इंचांहून लहान फोन मागितला, तर विक्रेत्याला कपाटात शोधावा लागतो.

मोठ्या स्क्रीनचा फोन घ्यावा का, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच या पहिल्या नोटपासून शोधायला हवं. त्याचे गुण आणि त्याचे दोष, दोन्ही आजच्या फोनमध्ये वारसाने उतरले आहेत. काही वाढले, काही घटले. आणि खोक्यावर ठळक छापलेला इंचांचा आकडा या सगळ्यातलं फारच थोडं सांगतो.

हा आकडा म्हणजे स्क्रीनचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. शाळेच्या भूमितीत कर्ण आणि क्षेत्रफळ वेगवेगळ्या धड्यांत येतात. खरेदी करताना मात्र ते एकत्रच आठवायला हवेत. नोटच्याच वर्षी सॅमसंगचा गॅलक्सी एस टू हा फोन लोकप्रिय होता, त्याचा पडदा ४.३ इंचांचा. दोन्हींत फरक एका इंचाचा, म्हणजे ऐकायला किरकोळ. पण क्षेत्रफळ काढलं तर एस टूची स्क्रीन सुमारे ५३ चौरस सेंटिमीटर येते आणि नोटची ८१. एका इंचाने दीडपटीहून जास्त जागा मिळाली. वजनानेही तीच उडी घेतली: ११६ ग्रॅमवरून १७८ ग्रॅम.

आता उलटं उदाहरण. जानेवारी २०२४ मध्ये आलेला गॅलक्सी एस २४ प्लस ६.७ इंचांचा आहे. नोटपेक्षा तो जवळपास दीड इंचाने मोठा, मग त्याची स्क्रीन किती रुंद असेल? हिशेब केला तर सुमारे ७१ मिलिमीटर येते. आणि २०११ च्या नोटची? तीही ७१ मिलिमीटरच! बारा वर्षांत स्क्रीनची रुंदी जिथल्या तिथे राहिली, वाढली ती फक्त लांबी. नोटच्या पडद्याचं प्रमाण १६ ला १० होतं, एस २४ प्लसचं १९.५ ला ९ आहे. पडदा जितका लांबुळका, तितका त्याचा कर्ण फुगतो. शिवाय नोटच्या स्क्रीनभोवतीची जाड चौकट आता नाहीशी झाल्यामुळे फोनची एकूण रुंदी ८३ मिलिमीटरवरून ७६ वर आली. कागदावर मोठा झालेला फोन हातात घेतला तर सात मिलिमीटरने अरुंद भरतो. २०११ मध्ये ज्यांच्या हातात नोट मावत नव्हता, त्यांच्यातल्या अनेकांच्या हातात आजचा ‘त्याहून मोठा’ फोन नीट बसतो, तो यामुळेच.

या भूमितीचा परिणाम रोजच्या वापरात कुठे कुठे दिसतो ते पाहण्यासारखं आहे. दूरदर्शनच्या काळातल्या मराठी मालिका किंवा जुनी चित्रित नाटकं ४ ला ३ या जवळपास चौकोनी चौकटीतली असतात. फोन आडवा धरून ती लावली, तर नोटवर आणि एस २४ प्लसवर चित्र अगदी एकाच आकाराचं दिसतं: साधारण ९५ मिलिमीटर रुंद. वाढलेल्या लांबीच्या जागी दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ १६ ला ९ चे असतात. ते नव्या फोनवर नोटपेक्षा सव्वा सेंटिमीटरने रुंद दिसतात, दोन्ही कडांना सुमारे १४-१४ मिलिमीटरची जागा काळी राहते आणि चित्राचा खरा कर्ण भरतो ५.७ इंच. जवळपास पूर्ण ६.७ इंचांचा फायदा घ्यायचा, तर सिनेमास्कोपसारखा लांबरुंद चित्रपटच हवा. ‘मोबाइलवर क्रिकेट बघायला मोठा फोन पाहिजे’ म्हणणाऱ्याने आधी हे गणित करून पाहावं. सामना सहसा १६ ला ९ मध्येच येतो.

वाचनाची गोष्ट वेगळी, आणि मोठ्या स्क्रीनची खरी कमाई इथेच आहे.

सातबारा उतारा, वीजबिल, परीक्षेचं प्रवेशपत्र, ई-बालभारतीवरून उतरवलेलं पाठ्यपुस्तक ही सगळी छापील पानं आहेत, ती पडद्याप्रमाणे आपली ओळ मोडत नाहीत. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. तो ७१ मिलिमीटरच्या उभ्या स्क्रीनवर बसवला की सगळं एक तृतीयांश होतं, १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं उरतं. औषधाच्या पट्टीमागचा मजकूर वाचताना होते तशी अवस्था होते. तोच फोन आडवा केला की एस २४ प्लसवर रुंदी मिळते १५४ मिलिमीटर, आणि १२ पॉइंटचं अक्षर जवळपास ९ पॉइंटचं दिसतं. बोटांनी मोठं न करता, पान इकडून तिकडे न सरकवता वाचता येतं. जुन्या नोटवर आडव्या पानातही ते साडेसहा पॉइंटच्या आसपास राहायचं. फोन लांब झाल्याचा हा फायदा फार थोड्या जणांना कोणी सांगितलेला असतो. आडवं वळवणं बंद करून ठेवलेलं असल्यामुळे तो अनेकांच्या हातूनही निसटतो.

मराठी वाचकाला तर मोठं अक्षर अधिकच लागतं. रोमन अक्षर एका पट्टीत उभं राहतं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. ‘विद्या’ आणि ‘विद्ध’ यांतला फरक, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांतला फरक काही ठिपक्यांचा असतो. लहान, कमी ठिपक्यांच्या पडद्यावर तो फरक पुसला जायचा. नोटवर एका इंचात २८५ ठिपके होते, म्हणून त्याच्या काळात त्यावरचा मजकूर छापील वाटायचा. आता चारशेच्या आसपासची किंवा पुढची घनता अनेक फोनमध्ये मिळते, तेव्हा अक्षर तुटत नाही. प्रश्न उरतो तो ते किती मोठं करता येतं याचा. चाळिशी लागलेल्या माणसाने सेटिंगमध्ये जाऊन अक्षर दोन पायऱ्या वाढवलं की लहान फोनवर एका ओळीत तीन-चार शब्द उरतात आणि वाचनाची लयच मोडते. मोठ्या फोनवर तेच अक्षर वाढवूनही पानभर मजकूर राहतो. घरातल्या आजी-आजोबांना ‘साधा छोटा फोन’ द्यावा असं अनेकांना वाटतं. त्यांना मोठ्या पडद्याची गरज घरातल्या इतरांपेक्षा जास्त असते.

दुसरी कमाई बॅटरीची. मोठ्या स्क्रीनमागे मोठी बॅटरी बसते, हा तर्क पहिल्या नोटनेच सिद्ध केला. एस टूमध्ये १,६५० एमएएचची बॅटरी होती, नोटमध्ये २,५००. स्क्रीन दीडपट झाली, बॅटरीही दीडपट झाली. पण फोनमधले बाकीचे भाग, म्हणजे प्रोसेसर आणि नेटवर्कचा भाग, तेवढ्या पटीने जास्त वीज खात नव्हते, म्हणून एकूण हिशेबात फायदाच झाला. एस २४ प्लसमध्ये ४,९०० एमएएच आहे, जवळपास नोटच्या दुप्पट. फक्त नोटची बॅटरी मागचं झाकण उघडून बदलता यायची, ती सोय आता मोठ्या फोनमधून गेली. दोन-तीन वर्षांनी बॅटरी थकली की दुकान गाठावं लागतं, ही त्या सडपातळपणाची किंमत.

मोठी बॅटरी बारीक अंगात कोंबण्याचा धोकाही याच घराण्याने पाहिला. २०१६ चा नोट ७ पेटू लागल्याच्या तक्रारी आल्यावर सॅमसंगला तो जगभरातून परत घ्यावा लागला आणि नंतर बंदच करावा लागला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनेच कारण मांडलं: दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगळे दोष होते. एकीच्या कोपऱ्यात आतल्या पट्ट्यांना जागा पुरत नव्हती, दुसरीच्या जोडणीत टोकदार कणी राहिली होती. आजचा मोठा फोन घेणाऱ्याने यामुळे घाबरायचं कारण नाही. पण फुगलेल्या बॅटरीचा फोन ‘चालतोय तोवर चालवू’ म्हणून वापरत राहू नये.

बॅटरी वाचवण्यासाठी डार्क मोडची, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीची, शिफारस सगळेच करतात. ओएलईडी पडद्यात काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, त्यामुळे वीज वाचते हे खरं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मोजून दाखवलं की प्रकाश पूर्ण ठेवला तर डार्क मोडमुळे सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत होते, पण घरातल्यासारखा ३० ते ५० टक्के ठेवला तर ती ३ ते ९ टक्क्यांवर येते. स्वस्त मोठ्या फोनमध्ये एलसीडी पडदा असेल तर तीही नाही, कारण त्याच्या मागचा दिवा काळ्या चित्रामागेही पेटलेलाच असतो.

आता दुसरी बाजू. इथे अंगठा बोलतो.

स्टीव्हन हूबर या डिझायनरने २०१३ मध्ये रस्त्यांवर, बसथांब्यांवर, गाड्यांत फोन वापरणाऱ्या १,३३३ जणांचं निरीक्षण केलं. स्क्रीनला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने काम करत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने, आणि फक्त १५ टक्के दोन्ही हातांनी. तेव्हाचे फोन लहान होते, हे खरं. पण गरज बदललेली नाही. मुंबई लोकलच्या दुसऱ्या वर्गात संध्याकाळी उभं राहणाऱ्याचा एक हात वरच्या कडीला असतो. खांद्यावर बॅग, गर्दीचा रेटा, आणि उरलेल्या हातात फोन. त्या हाताची चार बोटं फोन धरतात, करंगळी खालून टेकू देते आणि अंगठा एकटा काम करतो. अंगठा खालच्या दोन तृतीयांशात सहज फिरतो. वरच्या कोपऱ्यातलं ‘मागे जा’ किंवा ‘शोधा’ गाठायचं तर फोन तळहातात वर सरकवावा लागतो, आणि फोन निसटतो तो याच क्षणी.

कंपन्यांना हे कळलं आहे. आयफोन ६ प्लससोबत ॲपलने पडदा अर्ध्यावर खाली ओढण्याची सोय दिली. सॅमसंगने वन यूआय या आपल्या फोन-प्रणालीत मथळे वर आणि बटणं खाली अशी मांडणी केली. २०२१ मध्ये आयफोनच्या सफारी ब्राउझरने पत्ता लिहिण्याची जागा तळाशी आणली. अँड्रॉइडमध्ये एका हाताच्या वापराची सोय असते, कीबोर्ड एका बाजूला सरकवता येतो. या सोयी सेटिंगमध्ये झोपलेल्या असतात. मोठा फोन घेतल्यावर पहिल्याच दिवशी त्या जाग्या करून घेणं हे नवं कव्हर घेण्याइतकंच गरजेचं आहे.

वजनाची तक्रार लोक कमी करतात, पण मनगट करतं. आयफोन १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅमचा होता. कव्हर आणि काच धरली की पाव किलोच्या वर गेला. तो रात्री अंथरुणात आडवं होऊन तासभर चेहऱ्यासमोर धरायचा. एस २४ अल्ट्रा २३२ ग्रॅमचा आहे, म्हणजे २०११ च्या एस टूच्या बरोब्बर दुप्पट. दुप्पट वजनाची वस्तू तेवढ्याच उंचीवरून पडली तर जमिनीवर दुप्पट जोराने आदळते, आणि आदळायला काचही दुप्पट. मोठा फोन जास्त फुटतो असं दुरुस्तीवाले सांगतात, त्यामागे हे साधं भौतिकशास्त्र आहे. त्यात आता काच, स्पर्शाचा थर आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात. नुसती वरची काच तडकली तरी अख्खा ‘कॉम्बो’ बदलावा लागतो, आणि मोठ्या ओएलईडीचा कॉम्बो फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो. फोन घेण्याआधी कॉम्बोची किंमत विचारणारे ग्राहक थोडे. पण खर्चाचा खरा अंदाज तिथेच येतो.

मोठा फोन वाकतो, हा मात्र अर्धा गैरसमज. २०१४ मध्ये खिशात वाकलेल्या आयफोन ६ प्लसची छायाचित्रं जगभर फिरली. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने यंत्रावर चाचणी घेतली, तेव्हा लहान आयफोन ६ सुमारे ३२ किलोच्या दाबाने वाकू लागला, ६ प्लस ४१ किलोच्या, आणि त्याहून मोठ्या पडद्याचा गॅलक्सी नोट ३ तब्बल ६८ किलोच्या. आकारापेक्षा सांगाडा महत्त्वाचा. तरी मागच्या खिशात फोन ठेवून स्कूटरवर बसणं कोणत्याही फोनला मानवत नाही.

आणि खिसा? अमेरिकेतल्या ‘द पुडिंग’ या प्रकाशनाने २०१८ मध्ये जीन्सचे खिसे मोजले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्क्यांनी कमी खोल निघाले. आपल्याकडच्या कुर्ती आणि पंजाबी ड्रेसला तर बहुधा खिसाच नसतो. मोठा फोन मग पर्समध्ये जातो, पर्स टेबलावर किंवा मांडीवर, आणि महत्त्वाचा फोन आला तरी ऐकू येत नाही. पुरुषांच्या शर्टाच्या खिशात तो अर्धा बाहेर राहतो आणि चप्पल घालायला वाकलं की जमिनीवर येतो. स्क्रीनच्या आकाराची चर्चा होते तेव्हा ही अडचण बायकांनी जास्त सोसलेली असते, आणि बोलली कमी जाते.

शेतात आणखी एक कसोटी लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या बांधावर उभं राहून ॲपमध्ये पिकाची नोंद करायची आणि फोटो काढायचा. भर उन्हात मोठी स्क्रीन म्हणजे मोठा आरसा, तिच्यात आभाळच जास्त दिसतं. इथे इंच कामी येत नाहीत, प्रखरता येते. ती ‘निट्स’मध्ये मोजतात. एस २४ प्लसचा जास्तीत जास्त आकडा २,६०० निट्स आहे, पण तो आपोआप, काही क्षणांपुरता गाठला जातो. फोन तापला की तो स्वतःच प्रकाश उतरवतो. उन्हात डार्क मोड बंद करावा, पांढऱ्यावर काळी अक्षरं लवकर दिसतात. आणि डोक्यावरच्या टोपीची किंवा पदराची सावली पडद्यावर धरणं हा जुना उपाय अजूनही सर्वांत चांगला चालतो.

नोटने आणलेली पेनची सोय थोड्यांनाच लागली, पण ज्यांना लागली त्यांनी ती सोडली नाही. वॅकॉम कंपनीच्या तंत्रावर चालणाऱ्या त्या पेनमध्ये बॅटरी नव्हती. पडद्याखालची जाळी विद्युतचुंबकीय लहरी सोडते आणि पेन त्यांच्यातूनच शक्ती घेतं. पहिल्या नोटचं पेन दाबाच्या २५६ पायऱ्या ओळखायचं, पुढच्याच वर्षी नोट टूचं १,०२४. गणिताचे शिक्षक, चित्रकार, हाताने मराठी लिहिणारे यांच्यासाठी ते वरदान ठरलं. २०२० नंतर नोट या नावाचा नवा फोन आला नाही, आणि फोनच्या पोटातली पेनाची जागा २०२२ मध्ये एस २२ अल्ट्राकडे गेली.

लहान फोन हवा असणाऱ्यांचं मात्र खरोखर नुकसान झालं. ॲपलने ५.४ इंची, १४१ ग्रॅमचा आयफोन १३ मिनी २०२१ मध्ये आणला आणि पुढच्याच वर्षी त्याची जागा ६.७ इंची १४ प्लसने घेतली. ज्यांचे हात लहान आहेत, ज्यांना फोन म्हणजे फक्त फोन आणि संदेश हवा आहे, त्यांच्यासाठी चांगला कॅमेरा आणि चांगला प्रोसेसर असलेला लहान फोन बाजारात जवळपास उरलेला नाही. मधोमध घडी घालून खिशात बसणारे फोन आहेत, पण महाग, आणि घडीच्या जागी नाजूक. एवढ्या मोठ्या बाजारात एवढ्या लोकांची गरज कोणी भागवू नये, हे बरं नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर इंच सोडून दोन आकडे विचारावेत: रुंदी किती मिलिमीटर आणि वजन किती ग्रॅम. फोन कव्हर घालून हातात घ्यावा, एका हाताने आईला संदेश टाइप करून पाहावा, एखादा सातबारा उघडून आडवा वाचून पाहावा. आणि दुकानात जाण्याआधी घरीच एक पुठ्ठा एस २४ प्लसच्या मापाचा, म्हणजे १५९ मिलिमीटर लांब आणि ७६ मिलिमीटर रुंद कापावा. तो दोन दिवस खिशात, पर्समध्ये, रिक्षात, स्कूटरवर वागवावा. खिसा पुरत नसेल तर नवी कुर्ती शिवायला टाकताना कापडासोबत तो पुठ्ठाही शिवणाऱ्या ताईंकडे द्यावा. त्या खिसा दोन बोटं खोल घेतील.